दुपारी ठीक, संध्याकाळी बंद: घरातलं नेट वारंवार तुटतं तेव्हा काय तपासायचं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे ज्यांच्याकडे हाच त्रास आहे त्यांनाही उत्तराचा उपयोग होईल. बडोद्याला दांडिया बाजारात पोळीतलं (म्हणजे अरुंद गल्लीच्या जुन्या वस्तीतलं) जुनं तीन मजली घर, १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. कंपनीचा राउटर तळमजल्यावर बैठकीत. वर रेंज पोचत नाही म्हणून मागचा जुना राउटर लॅन केबल ओढून दुसऱ्या मजल्यावर मुलाच्या खोलीत लावलाय. मुलाचं ऑफिसचं काम घरूनच, संध्याकाळी सातला सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चालतं. साडेसात ते अकराच्या दरम्यान पाच-सहा वेळा नेट जातं, दोन-तीन मिनिटांनी आपोआप येतं, आणि जातं ते सगळ्या घराचं. कंपनीचा माणूस दोनदा दुपारी येऊन गेला, दोन्ही वेळा सगळं व्यवस्थित. दुसऱ्या खेपेला त्याने राउटरही बदलून दिला, तरी फरक नाही. तुम्ही विचारलंय, आता कंपनीच बदलावी का?

इतक्यात बदलू नका. दोष घरातला असेल तर नव्या कंपनीच्या जोडणीचे पैसे जातील आणि संध्याकाळचा त्रास तसाच राहील. तुम्ही लिहिलेल्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की दुपारी सगळं ठीक असतं. दुपारी घरात काय बंद असतं आणि संध्याकाळी काय चालू होतं, इथूनच शोध सुरू करायचा. तुमच्या वर्णनात संध्याकाळी चालू होणारी एक वस्तू स्पष्ट दिसते: वरच्या खोलीतला जुना राउटर. खोलीचं बटण बंद की तो बंद. तंत्रज्ञ आला तेव्हा तो बहुधा बंदच असणार.

म्हणून पहिली चाचणी फुकटची. वर जाणारी लॅन केबल खालच्या राउटरमधून काढून ठेवा आणि दोन संध्याकाळी मुलाला लॅपटॉप घेऊन खाली बैठकीत बसू द्या. दोन दिवस नेट एकदाही गेलं नाही, तर कंपनी, फायबर, नवा राउटर या सगळ्यांवरचा संशय गेला. वरचा राउटर नुसता बटणाने बंद करण्यापेक्षा केबल काढणं बरं, म्हणजे केबलमध्येच काही दोष असेल तर तोही बाजूला होतो.

आता असं का होतं ते समजून घ्या. घरच्या बऱ्याच राउटरचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो. तुमचा जुना राउटर बहुधा त्याच पत्त्याचा आणि नवाही त्याच पत्त्याचा. दोघं एका केबलने जोडले की एकाच पोळीत एका घरनंबराची दोन घरं झाली. फोन विचारतो, ‘१९२.१६८.१.१ कोण?’ आणि दोघंही ‘मी’ म्हणतात. ज्याचं उत्तर फोनने लक्षात ठेवलं त्याच्याकडे पुढचा सगळा माल जातो. जुन्या राउटरकडे गेला तर तिथून बाहेर जायला रस्ताच नाही, म्हणून नेट बंद. थोड्या वेळाने फोन पुन्हा विचारतो, या वेळी खऱ्या राउटरचं उत्तर धरतो, आणि नेट ‘आपोआप’ येतं. शिवाय जुन्या राउटरमध्ये डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, चालू राहिलेलं असतं. मग दोघं एकाच गटातले पत्ते वाटत सुटतात आणि टीव्हीला मिळालेला पत्ता आजींच्या फोनलाही मिळतो. राउटर नवा आणला तरी यात काहीच बदलत नाही, कारण भांडण दोघांच्या पत्त्याचं आहे.

हे खरंच तसं आहे का ते डोळ्यांनी पाहता येतं. केबल पुन्हा लावा, वरचा राउटर चालू करा, नेट गेलं की विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एआरपी -ए’ ही कमांड द्या. (सगळ्या कमांड आणि त्यातले आकडे इंग्रजी कीबोर्डवर टाइप करायचे, इथे उच्चाराप्रमाणे लिहिलेत. आडव्या रेघेआधी मोकळी जागा सोडायची.) जी यादी येईल त्यात १९२.१६८.१.१ च्या समोर सहा जोड्यांचा एक ‘फिजिकल ॲड्रेस’ दिसेल. तो वहीत लिहून घ्या. नेट परत आलं की तीच कमांड पुन्हा द्या. दोन्ही वेळचे ॲड्रेस वेगळे आले तर चोर सापडला. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर ‘मॅक’ म्हणून हाच आकडा छापलेला असतो, त्याच्याशी ताडून पाहा. शेवटची जोडी किंचित वेगळी असली तर काळजी नको. पहिल्या तीन जोड्या यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या असतात, त्या वेगळ्या असल्या की यंत्रच वेगळं समजायचं.

दुरुस्ती पाऊण तासाची आहे, पण क्रम चुकला तर राउटरचं पान उघडेनासं होतं. वरचा राउटर घरच्या जाळ्यापासून पूर्ण सुटा करा. मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा सेकंद दाबा, म्हणजे तो कारखान्यातून आला तसा होईल. लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि लहान लॅन केबलने लॅपटॉप त्याच्या पिवळ्या (लॅन) पोर्टला जोडा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडून स्टिकरवरच्या पासवर्डने आत जा. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्या राउटरसारखाच ठेवा, सुरक्षा प्रकारही तोच, चॅनल मात्र वेगळा. मग ‘लॅन’च्या पानावर पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. पान अडकेल, ते साहजिक आहे. आता १९२.१६८.१.२ उघडून पुन्हा आत जा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा. डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ताच मिळेनासा होतो आणि बरेच जण तिथेच अडकतात. यानंतर खालून आलेली केबल लॅन पोर्टमध्येच लावा. निळा ‘वॅन’ पोर्ट रिकामा ठेवायचा. पोर्टचे रंग सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, म्हणून शेजारी छापलेलं नाव वाचून खात्री करा.

एक गोष्ट खालच्या राउटरवरही पाहायची. त्याची पत्ते वाटण्याची रेंज १९२.१६८.१.२ पासूनच सुरू होत असेल तर ती १०० ते २०० अशी करा, नाहीतर काही दिवसांनी कुठल्या तरी फोनला २ नंबर मिळून तेच भांडण पुन्हा सुरू होईल. जुन्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असं बटण असेल तर हे सगळं एका टिचकीत होतं. ते असेल तर तेच वापरा. काम झालं की घरातले सगळे फोन, टीव्ही, कॅमेरे एकदा बंद-चालू करायचे, म्हणजे जुने पत्ते सोडून नवे घेतील.

याच जातीचा आणखी एक घोळ पाहून ठेवा. जुन्या राउटरमध्ये कंपनीचं पीपीपीओई, म्हणजे कंपनीच्या जाळ्यात लॉगिन करण्याचं, युजरनेम-पासवर्ड अजून भरलेलं असतं. काही जोडण्यांमध्ये भिंतीवरचा फायबरचा डबा फक्त ‘ब्रिज’ असतो आणि लॉगिन राउटर करतो. अशा घरात दोन राउटर एकाच आयडीने लॉगिन करायला लागले की कंपनीचं यंत्र एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत घेतं, आणि हा खेळ रात्रभर चालतो. वर सांगितल्याप्रमाणे रिसेट केलं की ते युजरनेम पुसलं जातं. पण खालच्या राउटरला चुकूनही पिनने रिसेट करू नका. त्यातलं युजरनेम गेलं की तंत्रज्ञ येईपर्यंत नेट बंद.

केबल काढूनही संध्याकाळी नेट जात राहिलं तर पुढचं वाचा. ‘नेट गेलं’ म्हणजे पाचातली एक कडी तुटते: राउटरची वीज, फोन आणि राउटरमधलं वायफाय, घरातली तार, राउटरपासून कंपनीच्या यंत्रापर्यंतचा फायबर, किंवा त्याच्याही पुढे कंपनीचं स्वतःचं जाळं. फोनच्या पडद्यावर पाचही वेळा तेच गोल फिरणारं चाक दिसतं. कडी कळेपर्यंत काही विकत घेऊ नका आणि एका वेळी दोन गोष्टी बदलू नका. दोन बदलल्या आणि नेट सुधारलं तर कशामुळे ते कधीच कळणार नाही.

नेट गेलं की हात राउटरच्या बटणाकडे जातो. तो आवरा. राउटर बंद-चालू केला की पुरावा पुसला जातो. आधी दिवे पाहा. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा एकेक लागत असतील तर राउटर स्वतःच रीस्टार्ट होतोय. एलओएस, ज्याला लाइनमन ‘लाल लाईट’ म्हणतात, तो लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा, हिरवा दिवा लुकलुकतोय म्हणजे प्रकाश आहे पण कंपनीच्या यंत्राशी नोंदणी होत नाहीये. पॉन स्थिर हिरवा पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद, तर लॉगिन तुटलंय. आणि सगळे दिवे छान असताना नेट नाही, तर दोष वायफायचा, घरातल्या तारेचा किंवा कंपनीच्या पुढच्या जाळ्याचा. फोनने दिव्यांचा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढून ठेवा. तोंडी तक्रारीपेक्षा त्याचा उपयोग फार होतो.

परत यायला किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून मोजा. नुसतं वायफाय तुटलं तर फोन पाच-दहा सेकंदांत परत जोडला जातो. लॉगिन तुटलं तर साधारण अर्धा-एक मिनिट. पूर्ण रीस्टार्टला दोन-तीन मिनिटं. तुमच्याकडे दोन-तीन मिनिटं लागतात, म्हणून वीज हा माझा दुसरा संशय आहे. त्याची खात्री राउटरच्या ‘स्टेटस’ किंवा ‘डिव्हाइस इन्फो’च्या पानावर होते. तिथे ‘अपटाइम’ असतो. रात्री साडेनऊला नेट जाऊन आलं आणि अपटाइम चार मिनिटं दिसला, तर राउटरची वीज तुटली किंवा तो स्वतः कोलमडला. अपटाइम तीन दिवसांचा असेल तर विजेचा विषय मिटला, ॲडॉप्टर विकत आणायची गरज नाही.

वीज असेल तर पहिला आरोपी ॲडॉप्टर. राउटर बदलताना तंत्रज्ञ बरेचदा जुनाच ॲडॉप्टर भिंतीत ठेवून नवा डबा त्याला जोडून जातात, तेव्हा तुमचा खरंच बदलला का ते पाहा. ॲडॉप्टरच्या आतले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात. मोकळा मोजला तर १२ व्होल्ट दाखवतो, पण राउटरवर भार आला, चार फोन, टीव्ही आणि व्हिडिओ कॉल एकदम चालू झाले, की व्होल्टेज खाली बसतं आणि राउटर रीस्टार्ट होतो. संध्याकाळी भार वाढतो म्हणून दोषही संध्याकाळीच दिसतो. नवा घेताना राउटरवर लिहिलेले व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, सहसा १२. ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त चालतात: १ ॲम्पिअरच्या जागी २ चालेल, १.५ च्या जागी १ चालणार नाही. पिनची जाडी आणि आत-बाहेरची प्लस-मायनसची खूण जुळवून घ्या. ९ व्होल्टचा सेटटॉप बॉक्सचा ॲडॉप्टर ‘बसतोय’ म्हणून लावू नका.

इन्व्हर्टर असेल तर एक बारकावा. लाईट गेले की इन्व्हर्टर चालू व्हायला काही मिलिसेकंद लागतात. पंख्याला, दिव्याला ते कळत नाही, राउटरला कळतं. शहरात कधी क्षणभर लाईट लपकले तरी राउटर रीस्टार्ट होऊन तीन मिनिटं घेतो. यावर राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस हा चांगला इलाज आहे. तो ॲडॉप्टर आणि राउटरच्या मध्ये बसतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही आधार हवा, नाहीतर राउटर जागा आणि डबा झोपलेला.

उष्णतेचंही बोलून घेऊ. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. बडोद्याचा मे महिना त्याच्या पलीकडे जातो. त्यात राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावर, वरून क्रोशाचा रुमाल घातलेला! भिंतीवर उभा, चारी बाजूंनी मोकळा लावा. उन्हाळ्यात फक्त दुपारी दोन ते पाच नेट जात असेल तर आधी हेच करा.

आता तारेची परीक्षा. लॅपटॉप वायफायवर न ठेवता लॅन केबलने खालच्या राउटरला जोडा आणि कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत ‘पिंग -टी १९२.१६८.१.१’, दुसरीत ‘पिंग -टी ८.८.८.८’. दोन्हीकडे दर सेकंदाला एक ओळ येत राहील. संध्याकाळभर चालू द्या. नेट गेलं तेव्हा दोन्ही खिडक्या पाहा. पहिलीत उत्तरं येतायत आणि दुसरीत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, तर राउटर ठीक, दोष बाहेर. पहिलीतही उत्तर नाही, तर दोष राउटरचा किंवा तुमच्या लॅन केबलचा. ‘जनरल फेल्युअर’ आलं तर लॅपटॉपचीच जोडणी सुटली. दोन्हीकडे उत्तरं येतायत आणि वरच्या मजल्यावरून मात्र ‘नेट गेलं’ म्हणून हाक येतेय, तर विषय वायफायचा. ही परीक्षा वरच्या राउटरची केबल काढलेली असतानाच करायची. दोन राउटर एकाच पत्त्यावर असले की पहिल्या खिडकीत भलताच राउटर उत्तर देत असतो आणि तुम्ही निष्कारण कंपनीला दोष देता.

दुसऱ्या खिडकीत ‘टाइम’ म्हणून मिलिसेकंदांचा आकडा असतो, त्यावरही नजर ठेवा. एरवी तो दोन आकडी असतो. संध्याकाळी तो ३००, ५०० असा चढत जातो आणि मग कॉल गोठतो, तर नेट तुटलेलं नाही, तुंबलंय. बऱ्याच घरांत त्याचं कारण फोनमधल्या फोटोंचा बॅकअप किंवा क्लाउडवर जाणारा कॅमेऱ्याचा व्हिडिओ असतो. सगळे घरी आले, फोन वायफायला आणि चार्जरला लागले की अपलोड एकदम सुरू होतं. बॅकअपची वेळ रात्री उशिराची ठेवा, किंवा राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे कशाला किती वेग द्यायचा ते ठरवायची सोय, असेल तर अपलोडला प्लॅनच्या साधारण ८५ टक्क्यांची मर्यादा घाला. घरातलं सगळं बंद करून फक्त एक लॅपटॉप तारेवर ठेवला आणि तरीही रोज रात्री नऊला आकडा चढतोच, तर कंपनीची लाइन त्या भागात भरून गेलीय. हे मात्र घरात सुटणारं नाही. या एकाच बाबतीत कंपनी बदलणं हा सरळ इलाज ठरतो. पण आधी शेजाऱ्याकडे त्याच वेळी, तारेवरच, त्याच्या कंपनीचा आकडा पाहून घ्या.

फायबरवर संशय असेल तर राउटरच्या पानावर ‘पॉन’ किंवा ‘ऑप्टिकल इन्फो’ शोधा. तिथे ‘आरएक्स पॉवर’ म्हणून उणे आकडा असतो. तो घरापर्यंत पोचलेल्या प्रकाशाची ताकद सांगतो. उणे १५ ते उणे २५ डीबीएम असेल तर निवांत राहा. उणे २७ ही सर्वसाधारण उपकरणांची हद्द आहे, तिच्या आसपास जोडणी धरते-सोडते. दर ३ डीबी घसरले की प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २० वरून उणे २६ झालं तर चौथा हिस्साच उरला. सकाळी, दुपारी आणि नेट जाऊन आल्यावर असे तीनदा आकडे लिहा. स्थिर उणे २४ पेक्षा उणे १९ ते उणे २७ असं हेलकावणारं मला जास्त खटकतं. त्याचा अर्थ कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा तार वाकतेय.

घरात बघण्यासारखी जागा एकच, आणि दहात आठ घरांत कोणी तिथे बघत नाही: लोखंडी कपाटाच्या किंवा सोफ्याच्या मागे. भिंतीवरच्या छोट्या पांढऱ्या डबीतून राउटरपर्यंत येणारी पिवळी किंवा पांढरी बारीक दोरी ही काचेची तार आहे. सोफा मागे सरकला की ती भिंतीत दाबून काटकोनात वाकते, आणि वाकल्या जागी प्रकाश बाजूने गळतो. घरात वापरतात त्या वळण सोसणाऱ्या खास फायबरलाही साधारण १० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण सोसत नाही, साध्याला ३० लागतात. रुपयाच्या नाण्याच्या वेढ्यापेक्षा घट्ट वळण दिसलं की सोफा पुढे घ्या आणि तार मोकळी करा. उरलेली तार गुंडाळताना बशीएवढी गोल वेटोळी घाला, इलेक्ट्रिक वायरसारखी आवळून टाय लावू नका. राउटरमधली हिरवी पिन उपटून ‘फुंकर मारून’ परत लावू नका. आतला काचेचा गाभा ९ मायक्रॉनचा असतो, धुळीचा कण किंवा बोटाचं तेल त्याला झाकायला पुरतं. आणि तारेच्या टोकात डोळा घालून बघू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. निळी पिन हिरव्या सॉकेटमध्ये बसवलेली दिसली तर तंत्रज्ञाला दाखवा. दोघांचे काप वेगळे असतात, त्यामुळे प्रकाश बराच वाया जातो.

घराबाहेर आपल्या बडोद्याचं एक खास कारण आहे, उत्तरायण. पोळीत फायबर गच्च्यांवरून, खांबावरून गॅलरीत असा लोंबत येतो. १४ आणि १५ जानेवारीला त्यावर मांजा घासतो, अडकलेला पतंग काढायला पोरं तार ओढतात, बांबूने हलवतात. तार त्या दिवशी तुटली तर कळतं आणि दुरुस्त होते. पण आवरणाला नुसती चीर पडली किंवा सांधा ओढला गेला तर नेट चालूच राहतं, आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरलं की जायला लागतं. म्हणून उत्तरायण संपलं की गच्चीवर जाऊन आपली तार एकदा नजरेने तपासा. मांजाचा गुंता दिसला तर ओढू नका, कात्रीने मांजा कापा. काच लावलेल्या मांजाने हात कापतो, जाड हातमोजे घाला. आणि तार विजेच्या तारांजवळून जात असेल तर हात लावूच नका, लाइनमनला बोलवा.

गच्चीवर किंवा जिन्यात चिकटपट्टीने गुंडाळलेला सांधा दिसला तर तो फ्यूजन मशीनने, म्हणजे काचेची टोकं वितळवून, जोडून बंद डबीत घालायला सांगा. चटकन बसवलेले मेकॅनिकल कनेक्टर उन्हात तापून थोडे सरकतात, आतली जेल सुकते, आणि दुपारी व संध्याकाळी आकडे वेगळे येतात. विश्वामित्रीच्या काठच्या सखल भागात राहणाऱ्यांनी पुरानंतर रस्त्याकडेचा जॉइंट बॉक्स उघडून सुकवला का, हेही लाइनमनला विचारावं.

वायफायबद्दल. पोळीतल्या जुन्या घरांच्या विटा-चुन्याच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात. ५ गीगाहर्ट्झचा सिग्नल तिथे एका भिंतीत दमतो, २.४ चा दोन भिंतींत. मध्ये लोखंडी कपाट, देवघरामागचा मोठा आरसा किंवा पाण्याची टाकी आली तर तेवढंही नाही. म्हणून वर केबल नेऊन दुसरा राउटर लावण्याची तुमची कल्पना बरोबरच होती, फक्त तो नीट बसवायचा राहिला. बिनतारी एक्स्टेंडरपेक्षा ती कितीतरी चांगली. केबल अख्खी तांब्याची कॅट-६ असू द्या. स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल वळणावर आतून तुटते. राउटरवर लिंक १०० ऐवजी १० एमबीपीएस दिसली, किंवा लिंक सारखी येत-जात राहिली, तर आधी दोन्ही टोकांच्या पिन नव्याने क्रिंप करून घ्या.

दाट वस्तीत २.४ ची गर्दी असते. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ‘ऑटो’वर राउटर संध्याकाळी शेजारच्यांची गर्दी पाहून चॅनल बदलतो, आणि प्रत्येक बदलाला घरातली सगळी उपकरणं क्षणभर सुटतात. खाली १ आणि वर ११ ठेवलं तर दोघं एकमेकांत येणार नाहीत. ५ मध्ये ३६ ते ४८ किंवा १४९ च्या पुढचे चॅनल ठेवा. ५२ ते १४४ या पट्ट्यात रडारची चाहूल लागली की नियमाप्रमाणे राउटरला चॅनल सोडावा लागतो, आणि मग मिनिटभर शुकशुकाट. मुलाच्या टेबलावर वायफाय ॲनलायझरसारख्या ॲपमध्ये उणे ६५ डीबीएमपर्यंत आकडा असेल तर उत्तम, उणे ७५ च्या खाली गेला तर कॉल तुटणारच. त्याच्या कामाचा लॅपटॉप तर मी सरळ वरच्या राउटरला केबलनेच जोडेन. पगार ज्या जोडणीवर अवलंबून आहे ती हवेवर कशाला ठेवायची?

एकाच फोनचं नेट जात असेल तर त्या फोनमध्ये ‘वायफाय कमजोर झाल्यास मोबाइल डेटावर जा’ अशी सोय बंद करून पाहा. एकाच लॅपटॉपचं जात असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढा. व्हॉट्सॲप चालतंय पण वेबसाइट उघडत नाही, ८.८.८.८ चं पिंग मात्र येतंय, तर दोष डीएनएसचा, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा. राउटरमध्ये डीएनएस ८.८.८.८ आणि १.१.१.१ घाला.

आणि कंपनीला फोन करायची वेळ आलीच, तर ‘नेट सारखं जातं’ एवढंच सांगू नका. तेवढ्यावर ‘राउटर बंद-चालू करा’ हेच उत्तर मिळतं. चार दिवसांची नोंद समोर ठेवा आणि असं सांगा: ‘अमुक तारखेला ८:१०, ८:५५ आणि ९:४० ला नेट गेलं. राउटरचा अपटाइम तुटला नाही. पॉन लुकलुकत होता. आरएक्स दुपारी उणे २१, त्या वेळी उणे २८. लॅपटॉप तारेवर होता, राउटरचं पिंग चालू, बाहेरचं बंद.’ हे ऐकल्यावर समोरच्याला फायबरचा माणूस मशीन घेऊन पाठवावाच लागतो. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या आणि तंत्रज्ञ रात्री आठनंतरच पाठवा म्हणून नोंदवायला सांगा. दुपारी येऊन ‘सब बराबर छे’ म्हणून तक्रार बंद केली तर त्याच डॉकेट नंबरावर कंपनीच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. दूरसंचार नियामकाच्या नियमांत ही दुसरी पायरी आहे, आणि तिला वेगळे पैसे पडत नाहीत.

तूर्त आज संध्याकाळी सातच्या आत ती वर जाणारी केबल काढा. परवा रात्री अकराला किती वेळा नेट गेलं ते कळवा. एकदाही गेलं नसेल तर वरच्या राउटरचं मॉडेल सांगा, पत्ता आणि डीएचसीपी त्याच्या कुठल्या पानावर बदलायचं ते नेमकं सांगतो.